कुलूपगावची साक्ष

नोंदणी कचेरीतल्या कारकुनाने अर्ज परत आमच्याकडे सरकवला. "ही काय गावांची नावं आहेत? कांदाटेकडी, मोजेबांध, कुलूपगाव. नकाशात दाखवा मला."

"नकाशात नाहीत," आमचे हे म्हणाले. "आम्हीच ठेवलेली आहेत."

कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याचं बोलणं पटलं नाही की लोक बायकोकडे बघतात, तसं. मी मान खाली घातली नाही.

हे मूळचे परक्या देशातले. बारा वर्षांपूर्वी इथे लढाई पेटली तेव्हा कोणी बोलावलं नसताना आमच्या बाजूने लढायला बाहेरून माणसं आली, त्यांतले एक. हातातला धंदा खिडक्यांना काचा बसवण्याचा. लढाई संपली तेव्हा आमच्या शहरात एक खिडकी धड नव्हती. यांनी बंदूक जमा केली, काच कापायची हिरकणीची पेन्सिल आणि पुट्टीचा डबा घेतला, आणि काम संपेना म्हणून राहिले. मग माझ्याशी लग्न झालं. आमची लेक आता नऊ वर्षांची आहे.

आणि यंदा नियम निघाला. बाहेरून आलेल्या आणि इथेच राहिलेल्या स्वयंसैनिकांनी आपण खरोखर लढलो हे महिनाअखेरपर्यंत सिद्ध करायचं. कुठे लढलो ते लिहायचं आणि तिथल्या एका रहिवाशाची सही आणायची. नाही जमलं तर देश सोडायचा. बायकामुलं असणं हा पुरावा धरत नव्हते. यांच्या तुकडीची कागदपत्रं तर ट्रकसकट जळाली होती. महिना संपायला नऊ दिवस उरले होते.

"अहो, सोपं करा ना," कारकून आवाज उतरवून म्हणाला. "मोठा पूल लिहा. बाहेरचे सगळे मोठा पूलच लिहितात. तिथले दोन साक्षीदार इथे खाली चहाच्या टपरीवरच बसलेले असतात."

"मोठ्या पुलावर चारशे माणसं गेली," हे म्हणाले. "मी तिथे नव्हतो. मेलेल्यांच्या रांगेत मध्येच घुसू का?"

"मेलेले काही तक्रार करायला येत नाहीत."

"म्हणूनच."

मी टेबलाखालून यांच्या पायावर पाय ठेवला. यांनी आमची भाषा खंदकात शिकलेली, त्यामुळे अदबीचे शब्द मागाहून आले आणि गरजेच्या वेळी अजूनही मागेच राहतात. कारकुनाने अर्जाचं शेवटचं पान उलटलं. तिथे 'या देशाविषयीची भावना' असा रकाना होता आणि खाली नमुना छापला होता: 'या मातीवरील प्रेमापोटी मी शस्त्र हाती घेतले.'

"हे तरी उतरवून काढा."

"हेही खोटं आहे," हे म्हणाले आणि उठले.

बाहेर आल्यावर जिन्यातच मी डोळे मिटून उभी राहिले. माझा रोजचा नेम आहे. ज्याचा राग आला त्याच्यासाठी दिवसातून एकदा देवाकडे चांगलं मागायचं. आईने लहानपणी लावलेला. त्या दिवशी कारकुनासाठी मागितलं. यांच्यासाठीही मागावं लागलं.

घरी जेवताना आईने विषय काढला. आई आमच्याकडेच असते. "लिहून टाकायचं ना. दोन शब्दांनी काय जातं? पोरीचा बाप घरात राहील."

"आई, त्या गावांची नावं मला माहीतच नाहीत," हे म्हणाले. ते खरं होतं. लढाईत सरकारने हुकूम काढून गावोगावच्या पाट्यांवर डांबर फासलं होतं, शत्रू वाट चुकावा म्हणून. शत्रू चुकला की नाही देव जाणे, हे लोक मात्र चुकले. कोणत्या गावात आहोत, कोणती टेकडी राखतोय, काही कळेना. गावात विचारावं तर माणसं दारं लावून घेत. मग हे लोक स्वतःच नावं ठेवू लागले. जिथे मोजे वाळत घातले तो मोजेबांध. जिचे दगड पापुद्र्यांनी सुटत ती कांदाटेकडी. तुकडीतल्या अकरा माणसांनी मिळून आमच्या देशाचं नव्याने बारसं केलं होतं आणि आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता.

"आणि आख्ख्या देशाला काय म्हणायचात?" आईने विचारलं.

"सासू."

आईने चमचा खाली ठेवला.

"सगळं घेते, कधी बरं म्हणत नाही, आणि वर विचारते, जेवलात का."

"मग मला काय म्हणता?"

"तुम्हाला आई म्हणतो. फरक करावा लागला."

आई हसू दाबत स्वयंपाकघरात गेली. लेकीने मोकळेपणी हसून घेतलं. मला हसू येईना. माझ्या डोळ्यांसमोर नऊ दिवसांनंतरची रिकामी खुर्ची होती.

रात्री भांडी आवरता आवरता मी यांना विचारलं, "प्रेमापोटी नाही, तर मग कशापोटी आलात?"

बारा वर्षांत मी हे विचारलं नव्हतं. कदाचित मीही तो छापील नमुनाच खरा धरून चालले होते.

"आमच्यातला प्राध्यापक पुस्तक वाचून आला होता," यांनी सांगितलं. "त्याच्या पुस्तकात इथली माणसं जन्मतःच शूर होती. पहिल्या गावात आम्हाला बघून सगळी पलंगाखाली गेली, तेव्हापासून त्याने पुस्तक उशाला घेतलं. सगळ्यांत उंच तो लांबट, तो बापाशी भांडून आला होता. पाववाल्याचं गाव आदल्या वर्षी असंच पडलं होतं आणि तेव्हा मदतीला कोणी आलं नव्हतं. तो म्हणायचा, कोणी आलं नाही तर काय होतं ते मी पाहिलंय. आणि मी, पाववाला शेजारी राहायचा म्हणून आलो. तो म्हणाला, चल. मला त्या आठवड्यात दुसरं काम नव्हतं."

"एवढंच?"

"एवढंच. देश मी पाहिलाही नव्हता. पाहिला तेव्हा आवडला नाही. चिखल, उवा, आणि बंद दारं. पण पाववाला थांबला, म्हणून थांबलो. मग तो गेला, आणि मग तर निघताच येईना."

पाववाला कसा गेला ते त्यांनी सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर मला दोरा आठवला. मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात आहे, आता तिथली मुकादम. लढाईत आमच्याकडे निरनिराळ्या मलमपट्टी ठाण्यांवरून जखमी येत, त्यांच्याबरोबर चादरी आणि कपडे. धुऊन ते ज्या त्या ठाण्याला परत जायला हवेत, म्हणून आम्ही प्रत्येक ठाण्याचा वेगळ्या रंगाचा दोरा कोपऱ्यात टाचत असू. हे आले तेव्हा यांच्या सदऱ्याला हिरवा दोरा होता. मला पक्कं आठवत होतं, कारण तो सदरा परत न्यायला हे तीन वेळा आले, आणि तीन वेळा म्हणाले की हा माझा नव्हे. जुनं रजिस्टर काढलं. हिरवा म्हणजे नदीकाठचं वरचं ठाणं. शहरापासून बसने चार तास.

दोघांनी रजा टाकली. ठाण्याच्या जागी आता शाळा होती. तिथून आम्ही नदी धरून चालत निघालो. तासाभराने हे थांबले. समोरच्या टेकडीचे दगड खरंच पापुद्रे सुटल्यासारखे होते. यांनी एक पापुद्रा नखाने सोलला आणि टाकून दिला. मग मला विचारावं लागलं नाही. यांचे पाय आपोआप वळत होते. एक बांध, एक मोडकी भिंत, मग चढ, आणि चढावर गाव.

चौकात हातपंप होता. पंपामागच्या भिंतीवर गुळगुळीत दगडाची पाटी, सोनेरी अक्षरं. यांना अजून भराभर वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवली. 'या गावाने परदेशी स्वयंसैनिकांचे अन्नपाणी देऊन स्वागत केले.'

"परत वाच," हे म्हणाले.

मी परत वाचली.

"हेच कुलूपगाव," हे म्हणाले, आणि पंपाच्या दांड्याकडे बघत राहिले.

एवढ्यात गावप्रमुख आले. चाळिशीचे, इस्त्रीचा सदरा, पाटीकडे कोणी बघतंय हे लांबूनच पाहिलेलं. मी सगळं सांगितलं, अर्ज, नियम, सही. त्यांचा चेहरा फुलला. "अहो, मग आमचेच पाहुणे तुम्ही. या, बसा. सहीचं काय एवढं, आत्ता करतो." त्यांनी चौकातल्या बाकावर कागद पसरला आणि लेखणी माझ्या हातात दिली. "लिहा ताई. अमुक तुकडी आमच्या गावी आली, आम्ही त्यांना पाणी पाजलं, जेवू घातलं. पाटीवर आहे तसंच घ्या, म्हणजे दोन्हीकडे जुळेल."

"पाणी दिलं नाही," हे म्हणाले.

"असं कसं?"

"पंपाला कुलूप होतं. पितळी. त्याला भोवती फडकं गुंडाळलेलं, तापू नये म्हणून की आवाज होऊ नये म्हणून, ठाऊक नाही. आम्ही अकराजण सकाळपासून दुपारपर्यंत इथे उभे होतो. लांबट रडला. कुलूप फोडू म्हणालो, तर तुकडीचा नायक म्हणाला, आपण चोर म्हणून आलेलो नाही. मग खालच्या डबक्यातलं प्यालो. चौघांना ते बाधलं. पाववाला त्यातच गेला. गोळी न लागता. सहा दिवस."

चौकात कोंबड्या चरत होत्या. गावप्रमुखांनी पायाजवळची एक हुसकावली.

"हे बघा," मग ते म्हणाले, "बारा वर्षं झाली. तेव्हा मी इथे नव्हतो, कोणाला काय आठवतंय. तुम्हाला सही हवी, आम्हाला गावाचं नाव हवं. पाणी दिलं, दोन शब्द. ताई, तुम्ही समजूतदार दिसता. लिहा तुम्ही, यांना कुठे वाचता येतंय."

लेखणी माझ्या हातात होती. खोटं सांगणार नाही, माझा हात कागदावर टेकला. लेक डोळ्यांसमोर आली. दोन शब्द, कोणाचं वाईट होत नव्हतं, आणि हे घरी राहिले असते. यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हे पंपाकडे बघत होते, आणि हलक्या आवाजात, जणू स्वतःशीच, म्हणाले, "पाणी दिलं असेल, तर मग पाववाला कशाने मेला?"

मी लेखणी बाजूला ठेवली.

"माझ्याच्याने होणार नाही हे," मी गावप्रमुखांना म्हणाले. माझा आवाज मुळात लहान आहे. तिथेही तेवढाच निघाला.

"मग मलाही सही होणार नाही," ते म्हणाले आणि कागदाची घडी घालू लागले. "जा, आणि मोठा पूल लिहा."

मी मनात नेमाचे शब्द म्हणायला लागले, या माणसाचं भलं कर, या माणसाचं भलं कर. भलं मागवेना.

"कुलूप माझं होतं," मागून कोणीतरी म्हणालं.

पंपासमोरच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी चाळणीची जाळी शिवत बसली होती. आम्ही आलो तेव्हापासून तिथेच होती. तिने सुई जाळीत खोचली.

"आत्या, आत जा," गावप्रमुख म्हणाले.

"आत तू जा. पाटी लावलीस तेव्हा मला विचारलं होतंस?" ती ओट्यावरून उतरली आणि सावकाश चालत यांच्यासमोर येऊन उभी राहिली. यांच्या खांद्याला लागत होती. "पितळी होतं. फडकं माझ्या जुन्या परकराचं. तापलं की किल्ली फिरायची नाही म्हणून. तुम्हाला कसं माहीत?"

"समोर उभा होतो."

"दार किंचित उघडं ठेवून मी बघत होते," ती म्हणाली. "एक उंच होता, तो रडत होता."

"लांबट."

"आता ऐका. तुमच्याआधी दोन पलटणी येऊन गेल्या होत्या. पहिली आमचीच. प्याली, गेली. दुसरीही आमचीच, तिने घोडे धुतले. पंपाला तळाचं गढूळ पाणी यायला लागलं. गावात चाळीस डोकी, त्यांत सात पाळण्यातली. तिसरे तुम्ही. तुमची बोली कळत नव्हती, तुम्ही कोणाचे ते कळत नव्हतं. मी कुलूप घातलं, आणि किल्ली कमरेला लावून दिवसभर बसले."

यांची नजर तिच्या कमरेकडे गेली.

"आणि परत तशी वेळ आली तर परत घालीन," ती म्हणाली. "माफी मागायला आलेली नाही मी."

"आणि मी परत मागेन," हे म्हणाले. "पाणी."

"मागा. नाही म्हणेन."

"म्हण."

मी यांच्या पायावर पाय ठेवायला गेले, अदबीसाठी, आणि ठेवला नाही. त्या दोघांच्या तोंडावर जे होतं त्याला राग म्हणता येत नव्हतं. बारा वर्षं या देशात एकही माणूस यांना म्हणाला नव्हता की हो, असंच झालं होतं. लोक हार घालायचे, नाहीतर खिडकीचं माप द्यायचे.

"तो मेला म्हणालात, तो केवढा होता?" म्हातारीने विचारलं.

"सव्वीस."

ती खाली बघत उभी राहिली. मग बाकाकडे वळली, भाच्याच्या हातातून कागद घेतला आणि माझ्यापुढे ठेवला. "लिही पोरी. त्या दिवशी हे इथे होते. पाणी मागत होते. मी दिलं नाही. सगळं लिही, आणि कुठे सही करायची ते दाखव."

"आत्या, गावाची अब्रू जाईल," गावप्रमुख म्हणाले.

"गावातली ती सात पोरं आज शाळेत जातायत, ती माझी अब्रू. तुझी तू दगडावर कोरून ठेवलीस ना, ती कुठे जात नाही."

मी लिहिलं. तिने एकेक अक्षर जोडत सही केली. मग दांडा धरून पंप मारला आणि यांना ओंजळ धरायला सांगितली. यांनी नको म्हणून मान हलवली. तिने आग्रह केला नाही. मी मात्र प्याले. सकाळपासून तहानलेली होते.

पहिल्या खेपेनंतर चौथ्या दिवशी आम्ही पुन्हा कचेरीत होतो. कारकुनाने साक्ष वाचली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली.

"हे असं वर पाठवता येणार नाही. देशाची बदनामी आहे ही."

"अर्जात विचारलंय की हे तिथे होते की नाही," मी म्हणाले. "होते. त्यांच्याशी कोणी बरं वागलं की नाही, असा रकाना तुम्ही छापलेला नाही."

"भावनेचा रकाना रिकामा आहे."

यांनी अर्ज ओढून घेतला. लेकीच्या वहीत गिरवून शिकलेल्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत यांनी लिहिलं, आणि लिहिताना मी, कारकून आणि मागची सगळी रांग थांबून राहिली. 'आलो तेव्हा हा देश मला आवडला नाही. पाणी मागितलं, मिळालं नाही. तरी लढलो. काचा बसवल्या. आता इथेच राहणार.'

कारकुनाने वाचलं. "ही विनंती आहे का?"

"नाही. सांगतोय."

"अहो, साहेब मला विचारतील."

"मग साहेबांना भेटवा. नसतील तर आम्ही बसतो," मी म्हणाले. "आज नसतील तर उद्या येऊ. उद्या नसतील तर परवा. महिनाअखेरीला पाच दिवस आहेत, रजेचा अर्ज मी पाचही दिवसांचा दिलाय." आणि बाकावर जाऊन बसले. मागच्या रांगेतला एकजण, हाही बाहेरून आलेलाच, आपला मोठ्या पुलाचा अर्ज हातात घेऊन बराच वेळ आमच्याकडे बघत होता. मग त्याने तो दुमडून खिशात घातला आणि कारकुनाकडे दुसरा कोरा मागितला.

कारकून दोनदा आत जाऊन आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा दार लावायला विसरला आणि आतून आवाज आला, "सही आहे ना? रहिवासी आहे ना? मग मला कशाला विचारता?"

त्याने शिक्का शाईच्या गादीवर दाबला.

"थांबा," हे म्हणाले. "सोबतच्यांचा रकाना भरायचा राहिला."

"तो जिवंत असलेल्यांसाठी आहे."

"तसं छापलेलं नाही," मी म्हणाले.

यांनी पाववाल्याचं नाव सांगितलं. खरं, आईबापांनी ठेवलेलं. एवढ्या वर्षांत मीही ते पहिल्यांदाच ऐकत होते. कारकुनाने तीन वेळा विचारून ते लिहिलं. नावापुढे त्याने आपणहून मृत्यूचं कारण लिहिलं, आजार.

"तहान," मी म्हणाले.

"ताई, आजारानेच गेले ना ते?"

"तहान लिहा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे. मग 'आजार' वर रेघ मारली, शेजारी नीट सुवाच्य अक्षरांत 'तहान' लिहिलं, आणि शिक्का मारला.